शहापुरातल्या जुन्या घराची न्हाणी नव्यानं करतोय: नळ, कमोड, गिझर काय घ्यावं?

शहापूरचा_वाडा
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, आजोबांनी बांधलेलं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परस आणि परसात जांभ्या दगडाची न्हाणी. संडास तिच्या पलीकडं वेगळा, जुन्या बैठकीचा. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. तिचं वय ७३, बाबा ७९. जून ते सप्टेंबर, पावसात, रात्री उठून परसात जायचं म्हणजे मी जागाच असतो. पायरीवर शेवाळ धरतं आणि आई हाक मारत नाही, एकटीच जाते. म्हणून ठरवलंय की न्हाणी आणि संडास मधली भिंत काढून एक करायचे आणि माजघरातून आत जायला दार पाडायचं. जागा आतून ५ बाय ८ फूट मिळेल.

खानापूर रोडवरच्या दोन शोरूम फिरून आलो. डोकं गरगरलं. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडं की शॉवरकडं ते फिरवणारा), छतातून पडणारा मोठा शॉवर, भिंतीला टांगलेला कमोड, काळ्या रंगाच्या तोट्या. सेल्समन सगळंच चांगलं म्हणतो. प्लंबर म्हणतो, "पाइप टाकून घेतो, भांडं मागाहून आणा." बजेट दीड लाखाच्या आत, गवंडीकाम धरून. पाणी चार दिवसाआड येतं, ते हौदात आणि तिथनं न्हाणीवरच्या स्लॅबवरच्या टाकीत. उन्हाळ्यात बोअरचंही मिसळावं लागतं.

ज्यांनी इकडं बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात अलीकडं काम केलंय त्यांनी काय घेतलं, काय पस्तावलं, तेवढं सांगा की.

अनगोळची_वैनी
भांडं मागाहून आणा, हे अजिबात ऐकू नका. आधी कमोड ठरवा, त्याचा ट्रॅप कुठला ते बघा, मग पाइप. आमच्यात उलटं झालं आणि नवी फरशी फोडावी लागली. सविस्तर रात्री लिहिते, आता स्वयंपाक आहे.

उद्यमबाग_लेथ
भाऊ, मी नळ विकत नाही, पण २२ वर्षं पितळ आणि बीड यांच्या कामात आहे, म्हणून तोट्यांबद्दल लिहितो. बाकीचं जाणकार सांगतील.

दुकानात नळ हातात घ्या. नुसता बघू नका, तोला. पितळेचा नळ जड लागतो. त्याच आकाराचा झिंकच्या मिश्रधातूचा नळ हलका असतो, वरनं क्रोम सारखाच चमकतो आणि दिसायला एक पैशाचा फरक नसतो. फरक कळतो चार-पाच वर्षांनी. क्रोमला कुठं बारीक टोचा पडला की आतला झिंक पांढरा भुकटीसारखा फुगतो, आटे झिजतात, आणि प्लंबरनं पाना लावला की मान तुटून अर्धा भाग भिंतीत राहतो. तो काढताना टाईल जाते. मागच्या बाजूला, जिथं आटे असतात तिथं क्रोम नसतो. तिथं पिवळा रंग दिसला तर पितळ. राखाडी दिसला तर खाली ठेवा.

आता आतलं. हल्ली बहुतेक नळांत जुन्या चामड्याच्या किंवा रबराच्या वायसरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. एकीवर दुसरी सरकते, पाव वेढ्यात नळ उघडतो. या चकत्या आरशासारख्या गुळगुळीत घासलेल्या असतात, म्हणून तर पाणी थांबतं. मी घरचा एक गळका नळ खोलून बघितला होता. चकतीवर नखाला लागेल न लागेल अशी एक रेघ होती आणि त्या रेघेत वाळूचा एकच कण बसलेला. तेवढ्यावर नळ रात्रभर ठिबकत होता. नळ खराब नव्हता, पाण्यातनं रेती आली होती. चार दिवसाआड पाणी आलं की पहिल्या धारेत गाळ असतोच, आणि हौदाच्या तळात तो साचतो. तेव्हा टाकीतनं खाली येणाऱ्या पाइपवर एक जाळीचा फिल्टर बसवा, काढून धुता येईल असा, आणि हाताला येईल अशा उंचीवर. सगळ्या नळांच्या किमतीपुढं त्याची किंमत काहीच नाही.

आणि हो, प्रत्येक फिटिंगच्या मागं स्वतंत्र अँगल कॉक, म्हणजे तेवढंच पाणी बंद करायची छोटी तोटी. बेसिनला दोन, फ्लशच्या टाकीला एक, जेटला एक, गिझरला दोन. एक बिघडला म्हणून सगळ्या घराचं पाणी बंद करायची पाळी येऊ नये.

शहापूरचा_वाडा
उद्यमबाग अण्णा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. काळ्या तोट्या सुंदर दिसतात, त्यांचं काय?

उद्यमबाग_लेथ
काळ्यावर पांढरे डाग लगेच दिसतात. बोअरचं पाणी मिसळताय ना? मग क्रोमच घ्या.

अथणीकडचा
क्षारांचं आमच्याकडनं ऐका. आमच्या बोअरच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शॉवरची भोकं सहा महिन्यांत बुजतात. पहिला शॉवर घेतला तो स्टीलच्या बारीक भोकांचा होता, सुईनं टोचून टोचून बायको कंटाळली. दुसरा घेतला त्याच्या भोकांना रबराची मऊ बोंडं आहेत, अंगठा फिरवला की क्षार गळून पडतात. नळाच्या तोंडाशी जाळी असते, ती फिरवून निघणारीच घ्या. महिन्यातनं एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात टाकून ठेवतो, सकाळी नवी.

पाणी एकदा तपासून घ्या. टीडीएसचा जो पेनासारखा मीटर मिळतो तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यातली कठीणता किती ते सांगत नाही. कठीणता वेगळी तपासावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली धरतात, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमची ६०० च्या वर आली तेव्हा कळलं की दोन गिझर का गेले.

नंदगडचा_पाऊस
जांभ्याची भिंत म्हणालात म्हणून लिहितोय. आमचं घरही जांभ्याचं. जांभा भोकाभोकांचा दगड, पाणी पितो. प्लंबरनं मशीन लावून पाइपासाठी खाचा मारल्या की दगड खाचेपुरता कापला जात नाही, ढेकळं निघतात. आमच्याकडं दोन इंचाची खाच मारायला गेले आणि सहा इंचाचं भगदाड पडलं. भिंतीत लपवायचं सामान जितकं कमी तितकं बरं. भिंतीतला डायव्हर्टर तर नकोच. बाहेरून बसणारा, गरम-गार पाणी मिसळणारा वॉल मिक्सर घ्या, त्याच्या दोन पाइपांमधलं अंतर ६ इंच ठरलेलं असतं, उद्या दुसऱ्या कंपनीचा आणला तरी तिथंच बसतो. भिंतीतल्या डायव्हर्टरचं तसं नाही. आतली बॉडी एका कंपनीची असली की वरचा दांडा आणि प्लेट आयुष्यभर त्याच कंपनीची शोधायची, आणि ते मॉडेल बंद पडलं तर भिंत फोडायची.

गिलावा करायच्या आधी भिंत महिनाभर सुकू द्या. पावसाळ्यात काम काढूच नका. आमच्या खानापूर तालुक्यात तर दिवाळीशिवाय भिंत सुकत नाही.

अनगोळची_वैनी
सकाळी अर्धवट राहिलं होतं. कमोडचे दोन प्रकार. पी-ट्रॅपचं पाणी मागं भिंतीतून जातं, एस-ट्रॅपचं खाली जमिनीतून. तुमचं घर जमिनीलगतचं, म्हणजे एस-ट्रॅप चालेल. त्यात भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, २२० मिलिमीटर किंवा ३०० मिलिमीटर. दुकानदार ९ इंची, १२ इंची म्हणतात. आमच्या चुकीची गोष्ट अशी की प्लंबरनं विटेपासून बरोब्बर १२ इंच मोजून पाइप बसवला. त्यानंतर गिलावा आला, त्यावर टाईलचा माल, त्यावर टाईल. सगळं मिळून सव्वा इंच. राहिलं पावणेअकरा. १२ इंची भांडं बसेना आणि ९ इंची बसवलं तर टाकीच्या मागं दोन इंचाची फट, त्यात झुरळं आणि कचरा. माप नेहमी तयार टाईलपासून धरायचं. टाईलचा एक तुकडा आणि कमोडचं माहितीपत्रक प्लंबरच्या हातात द्या आणि समोर उभं राहून मोजून घ्या. बाई माणसाचं ऐकत नाहीत म्हणून मी गप्प बसले होते, तेच चुकलं.

फ्लशची टाकी दोन बटणांची घ्या, ३ आणि ६ लिटरची. आमची जुनी टाकी एका वेळेला १० लिटर सोडायची. चार दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हा फरक लगेच जाणवतो.

फिजिओ_हिंदवाडी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट रोज बघते, म्हणून आईंच्या बाजूनं थोडं लांबलचक लिहिते. राग मानू नका.

पहिली गोष्ट कमोडची उंची. बाजारातले बरेच कमोड सीट धरून १५-१६ इंचांचे असतात. आईंना १७ ते १९ इंच हवी. कमी उंचीवरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि माणूस हाताला मिळेल ते धरतं. बहुतेक वेळा ते टॉवेलचा दांडा असतो. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. माझ्या एका पेशंटबाई दांड्यासकट खाली आल्या होत्या. उंच मॉडेल मिळालं तर तेच घ्या, नाहीतर गवंड्याला सांगून कमोडखाली दोन इंचांचा कट्टा टाईल लावायच्या आधीच करून घ्या. वरून लावायची प्लास्टिकची उंच सीट हलते, ती कायमची म्हणून नको.

दुसरं, आधाराचे दांडे. स्टीलचे, जाडी सव्वा इंच, म्हणजे मूठ पूर्ण वळते. कमोडच्या शेजारच्या भिंतीवर एक आडवा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. अंघोळीच्या जागी एक उभा. पण नुसते आकडे घेऊ नका. आईंना कमोडच्या जागी खुर्चीवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप भिंतीला जिथं टेकतो तिथं खडूनं खूण करा. वर नंदगडकरांनी सांगितलं तसं जांभ्यात साधा स्क्रू धरणार नाही. जिथं दांडा येणार तेवढ्या जागी आधीच काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या आणि फोटो काढून ठेवा, टाईल लागल्यावर तो दिसणार नाही.

तिसरं, दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर त्याच्याच अंगावर अडतं. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी मिळते.

चौथं सहसा कुणी सांगत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड वयस्कर डोळ्यांना, रात्री झोपेतून उठल्यावर, नीट दिसत नाही. जमीन थोड्या गडद रंगाची घ्या, मॅट. टाईलच्या मागं किंवा खोक्यावर आर-१० किंवा आर-११ लिहिलेलं असतं, तो घसरण्याचा दर्जा असतो, आकडा मोठा तितकी पकड जास्त. दुकानात टाईल ओली करून, चप्पल काढून, ओल्या तळव्यानं उभं राहून बघा.

शहापूरचा_वाडा
ताई, राग कसला. आईला आज खुर्चीवर बसवून बघितलं. खूण माझ्या अंदाजापेक्षा चांगली वितभर पुढं आली. मी दांडा मागं लावणार होतो.

शॉवरचं एक विचारतो. बाबांना छतातून पडणारा मोठा शॉवर आवडलाय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलंय. टाकी शॉवरच्या वर साधारण सहा फुटांवर आहे.

उद्यमबाग_लेथ
सहा फुटांवर तो चालणार नाही, आधीच सांगतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. सहा फूट म्हणजे दोन मीटरसुद्धा नाही, ०.२ बारच्या आत. त्या मोठ्या शॉवरला बहुतेक कंपन्या निदान अर्धा ते १ बार मागतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. तुमच्याकडं त्यातनं कडेच्या चार भोकांतनं ठिबकेल आणि काका हिरमुसतील. दोन वाटा. प्रेशर पंप बसवायचा, पण त्याला वीज लागते, आवाज येतो, आणि जुन्या पाइपांचे सांधे त्या दाबाला गळतात. तुमचे पाइप नवेच पडणार असतील तर हरकत नाही. दुसरी वाट, लहान तबकडीचा, कमी दाबाला चालणारा हँडशॉवर, सरकत्या दांड्यावर. काका उभ्यानं घेतील, काकू बसून घेतील. मी दुसरी घेईन. टाकीपासून खाली येणारा पाइप मात्र एक इंची ठेवा, अर्धा इंच फक्त शेवटी नळापाशी.

गरम पाण्याला सीपीव्हीसीचाच पाइप. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून वाकतो.

निपाणीची_लेक
गिझरबद्दल कुणी लिहिण्याआधी मी लिहिते. गॅसचा गिझर न्हाणीच्या आत कृपा करून लावू नका. माझी धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अंघोळीला गेली, थंडी म्हणून खिडकी लावून घेतली. वीस मिनिटं झाली, आवाज नाही. दार फोडून काढलं. वाचली, पण दोन दिवस आयसीयूत होती. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. लावायचाच असेल तर भिंतीबाहेर, उघड्यावर, आणि आत फक्त पाण्याचा पाइप. आमच्या गल्लीत अजून चार घरांत तो आतच आहे, मी प्रत्येक घरी जाऊन सांगून आले.

टिळकवाडी_आर्किटेक्ट
निपाणीच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. विजेचा साठवणीचा गिझर घ्या. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा, पाणी तापायला साधारण वीस मिनिटं लागतात, दोन माणसांच्या बादलीच्या अंघोळीला पुरतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर, चांगलं अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. जुन्या घरात अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कुणी बघितलेला नसतो, तो आधी तपासा. क्षार असतील तर टाकीतली मॅग्नेशियमची कांडी दर एक-दोन वर्षांनी बघायला लावा, ती झिजते म्हणून टाकी वाचते.

सोलर इकडं आठ महिने उत्तम, पण भर पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन नसतं, तेव्हा गिझर लागतोच.

माझा आग्रह मात्र जमिनीखालच्या कामाचा. नळ दहा वर्षांनी बदलता येतो, वॉटरप्रूफिंग बदलता येत नाही. ते झाल्यावर पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून न्हाणीत दोन इंच पाणी तुंबवा आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीनं करा. टाईलवाल्याला त्याआधी आत पाऊल टाकू देऊ नका. आणि ढाळ फुटाला पाव इंच, सगळा जाळीकडं.

बैलहोंगलवासी
आमचा मेस्त्री कानडी. ढाळ म्हटलं की मान हलवायचा, पण फरशी सपाटच. मग शेजारच्या अक्कांनी सांगितलं, "इळिजारु" म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यानं दोरी लावून दाखवला. अक्कांच्या घरचं बच्चल, म्हणजे न्हाणी, त्यानंच केलं होतं, तेही दाखवलं.

नंदगडचा_पाऊस
जाळीवरून आठवलं. जाळीखाली जो वाडगा बसतो त्याला प्लंबर "न्हाणी ट्रॅप" म्हणतात. आपला मराठी शब्द सगळ्या देशातल्या प्लंबरांच्या तोंडी आहे, मला फार बरं वाटतं. त्यात दोन इंच पाणी उभं राहील असाच घ्या. ते पाणीच गटारीचा वास अडवतं. गावाला गेलात आणि ते सुकलं की घरभर वास सुटतो, परत आल्यावर तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. उथळ ट्रॅप दोन दिवसांत सुकतो.

आणि परसातला तांब्याचा बंब मोडीत घालू नका हो. दिवाळीच्या अभ्यंगाला लागेल.

शहापूरचा_वाडा
सात आठवडे झाले, कळवायचं राहिलं.

कमोड आधी आणला, १७ इंच उंचीचा, ३०० चा एस-ट्रॅप. तरीही प्लंबरनं दगडापासूनच १२ इंच मोजायला घेतलं होतं. अनगोळच्या वैनींचं वाक्य आठवलं, टाईलचा तुकडा आणि गिलाव्याच्या जाडीची पट्टी भिंतीला धरली, पाइप सव्वा इंच पुढं घेतला. कमोड काल नुसता ठेवून बघितला, टाकी भिंतीला हात जाणार नाही इतकी लागून बसते. वॉल मिक्सर आणि तोट्या पितळेच्या, मागचे आटे बघून घेतल्या. दुकानदाराला आवडलं नाही, पण त्यानंच शेवटी वजनकाटा आणून दिला. हँडशॉवरचं बाबांना समजावलं. ते म्हणाले, पाणी अंगावर पडल्याशी कारण. टाकीखाली जाळीचा फिल्टर बसला. पहिल्याच आठवड्यात त्यात चमचाभर तांबडा गाळ निघाला.

पाणी तुंबवून ४८ तास झाले, पेन्सिलीची खूण केसभरही खाली नाही. बंब घासून माळ्यावर ठेवलाय.

फिजिओताई, एकच राहिलं. आईला अंघोळीला बसायला स्टूल घ्यायचंय. किती उंच?

फिजिओ_हिंदवाडी
आईंना अनवाणी उभं करा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. तेवढं किंवा इंचभर जास्त. चारही पायांना रबराची बुचं, बसायच्या जागी पाणी निथळायला भोकं, आणि बाजूला हात असतील तर उत्तम. प्लास्टिकची घडीची स्टुलं नकोत.

शहापूरचा_वाडा
मोजलं ताई. साडेसोळा. उद्या साडेसतरा इंचांचं बघून येतो. आईला बरोबर नेतोय, तिथंच बसवून उठवून बघतो.